फिरत्या पट्ट्यावरची पंगत

आमच्या काकाजींना घास तोंडात घालताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी काय, घरात कुणीच पाहिलं नव्हतं. सख्खे काका, राहायला दोन गल्ल्या पलीकडे, सणावाराला आमच्या स्वयंपाकघरात सर्वांत जास्त वावर त्यांचाच; पण पुढ्यात ताट घेऊन बसले आहेत, भात कालवताहेत, असं चित्र काही केल्या आठवत नाही. माझे वडील म्हणायचे, "आमचा धाकटा हवा खाऊन जगते." आम्ही पोरं हसायचो. पुढे मला त्याच गोष्टीचा इतका संताप येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

काकाजी वाढायचे. नोकरी रेल्वेच्या ऑफिसात होती, पण ती पोटापाण्यापुरती. खरं काम वाढण्याचं. वर्ध्याकडून रायपूरला आलेल्या आमच्यासारख्या घरांत लग्न असो, बारसं असो, तेरवी असो की मंडळाच्या गणपतीचा महाप्रसाद, पायजमा घोट्याच्या वर दुमडून आणि खांद्यावर दुपट्टा टाकून काकाजी हजर. स्वयंपाक कुणीही करो, पंगत त्यांची. मीठ, लिंबू, चटणी पानाच्या डावीकडे, भाजी उजवीकडे. आणि एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: शेवटच्या पानावर वरण-भात-तूप पडल्याशिवाय पहिल्या पानावरच्यानं हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. काकाजी शेवटच्या पानाशी जाऊन उभे राहायचे, एकदा सगळ्या पंगतीवर नजर टाकायचे आणि हात वर करायचे. मग जेवणं सुरू. एका लग्नात नवरदेवाच्या मामानं भुकेपोटी आधीच पापड मोडला, तर काकाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तो तुकडा गुपचूप पानात परत ठेवला.

"काकाजी, तुम्ही पण बसा न," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं. "वाढणाऱ्यानं आधी जेवू नये बाई. पोट भरलं की हात आखडते." त्यांचं आणखी एक शास्त्र होतं. आग्रह करताना माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही. "तोंड तं नाहीच म्हणते. डोळे पातेल्यात कुठवर जाऊन राहिले ते पाहा." हे शास्त्र त्यांनी माझ्यावर लहानपणापासून इतकं चालवलं की माझ्या स्वतःच्या लग्नात मी शालू नेसून पोट धरून बसले होते. राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. दुसऱ्याच्या डोळ्यातली भूक ज्याला इतकी बरोबर दिसते, त्याला स्वतःच्या जेवणाचं विचारलं की ऐकूच यायचं नाही.

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं आणि बघता बघता लग्नं लॉनवर गेली. पंगती बसेनात, काउंटर लागले. "उभ्यानं गुरं खातेत," असं काकाजी म्हणायचे, पण म्हणून घरी बसले नाहीत. केटररच्या माणसाच्या हातातला डाव काढून घ्यायचे आणि काउंटरमागे उभे राहायचे. "घ्या न, लाजून काहून राहिले?" पाहुण्यांना वाटायचं, हा केटररचा म्हातारा मॅनेजर असेल. लॉन रिकामं झालं की दुपट्टा झटकून चालत घरी. काही खाल्लं का, हे विचारण्यात अर्थ नसायचा.

खरं काय ते फक्त काकूला ठाऊक होतं. सगळ्यांचं झालं, ओटा पुसून झाला की काकू स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. आत दोघंच. ती त्यांना वाढायची, ते तिला. "माझ्यापाशी जेवतात ते, तू काळजी नको करू," ती मला सांगायची. मग एका उन्हाळ्यात काकू गेली. तिच्या तेरवीलाही काकाजींनीच वाढलं. अडवून उपयोग नव्हता. सगळे जेवून गेल्यावर मी त्यांचं ताट वाढलं आणि काकू लोटायची तसं दार लोटून घेतलं. ते दाराबाहेरच उभे राहिले. "झाकून ठेव," म्हणाले. संध्याकाळी ताट तसंच होतं.

त्यानंतर माझी कुतरओढ सुरू झाली. सकाळी नवा रायपूरच्या ऑफिसला निघताना मी डबा पोचवायचे, संध्याकाळी तो घासूनपुसून ओट्यावर असायचा. "संपला का काकाजी?" "संपला न." माणूस खोटं बोलत नव्हता, याचाच जास्त संताप. एक दिवस कॉलनीच्या चौकीदारानं मला थांबवलं आणि हसून म्हणाला, "दीदी, आपके हाथ का बैंगन बहुत बढ़िया बनता है." मी कपाळावर हात मारून घेतला. मग चौकीदाराचा डबा वेगळा केला, तर काकाजींचा डबा कचरा उचलणाऱ्या बाईला गेला. सुट्टीच्या दिवशी समोर जाऊन बसले, तर ते मलाच वाढू लागले आणि मीच दोन पोळ्या जास्त खाऊन आले. पालथ्या घड्यावर पाणी. चहात बुडवलेल्या टोस्टवर हा माणूस जगत होता, हे मला रिकाम्या पुड्यांवरून कळायचं.

अंगातले सदरे सैल होत गेले. समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी मलाच झापलं: साखर आहे, गोळ्या चालू आहेत आणि पोटात अन्न नाही, एक दिवस कुठेतरी पडतील. आणि खरंच गोल बाजारात भांड्यांच्या दुकानासमोर ते मटकन खाली बसले. त्यांची मुलगी वैशू बंगलोरहून तडक आली. ती माझ्याहून बरीच लहान, पण बापाचा हट्ट तिच्यातही आहे. "ताई, मी त्यांना घेऊन जाते," ती म्हणाली. काकाजी एका वाक्यात मोकळे झाले. "मी कुठी येत नाही. रायपूर सोडून मले करमन का?"

त्यांनी जावं असं मलाही वाटत नव्हतं, हे सांगायला हवं. आई-वडील गेल्यावर माहेर म्हणून हा एकच माणूस उरला होता. त्यांनी माझं कितीही डोकं फिरवलं तरी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावरून डबा उचलल्याशिवाय माझा दिवस संपत नसे. मी मध्ये पडले. शेवटी वैशूनं अट घातली: "रविवारी दुपारी माझ्यासमोर पोटभर जेवा, बाबा. जेवले, तर मी एकटी परत जाईन. नाही जेवले, तर दोघांचं तिकीट काढते." काकाजी "हव" म्हणून कबूल झाले.

आता त्यांना बसवायचं कुठे? घरी बेत केला तर स्वयंपाकघरात शिरतील. साध्या हॉटेलात नेलं तर वेटरच्या हातातलं भांडं घेतील. तोडगा माझ्या मुलीनं, ऋचानं काढला. तिला मराठी सगळी कळते, पण बोलते हिंदीत. "मम्मी, एक नयी जगह है. वहाँ कोई परोसता ही नहीं. बेल्ट घूमता है, सब अपना-अपना उठाते हैं." नवा रायपूरच्या रस्त्याला लागून असलेल्या एका मॉलमध्ये जपानी जेवणाचं हॉटेल निघालं होतं, तेही शुद्ध शाकाहारी. मला ही युक्ती भलतीच आवडली. जिथे वाढपीच नाही तिथे काकाजींना जेवण्यावाचून दुसरं काम काय राहणार? असं मी समजले आणि तिथेच फसले.

हॉटेलाच्या मधोमध सरकता पट्टा होता. स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या एका खिडकीतून तो बाहेर यायचा, सगळ्या टेबलांना वळसा घालायचा आणि दुसऱ्या खिडकीतून आत जायचा. त्यावर छोट्या बशा, प्रत्येक बशीवर पारदर्शक झाकण. आत भाताच्या सुरळ्या, वरून काळपट पानाची गुंडाळी, मधे काकडी, गाजर, पनीर, कुठे आंबा. काकाजींनी वाकून पाहिलं. "हे तं फऱ्यासारखं आहे न," म्हणाले. फरा म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके, इकडे घरोघरी होतात. त्यांचा चेहरा खुलला, तशी मलाही आशा वाटली. जागा मिळाली ती अगदी पहिली, पट्टा जिथून बाहेर यायचा त्या खिडकीला लागून.

वैशूनं समोरून जाणारी बशी उचलली, झाकण काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवली. "घ्या बाबा."

काकाजींनी पट्टा जात होता तिकडे मान उंच करून पाहिलं. मग ती उघडी बशी उचलली आणि परत पट्ट्यावर ठेवून दिली.

"बाबा! काय करताय?"

"आपण पहिल्या पानावर आहो. शेवटपर्यंत जाऊ दे आधी."

बिनझाकणाची बशी निघाली शेजारच्या टेबलाकडे. काळा एप्रन घातलेली तिथली मुलगी धावत आली. "अंकल, उठाया हुआ वापस नहीं रखते." काकाजी तिला समजावू लागले, "बेटी, पहले लास्ट तक जाने दो न. हम लोग बाद में लेंगे." ती बिचारी गोंधळली, बशी आमच्यापुढे ठेवून गेली. ऋचा म्हणाली, "नानाजी, इसमें फर्स्ट-लास्ट नहीं होता. गोल घूमता है." यावर काकाजी उठलेच. हात मागे बांधून एका बशीच्या बरोबरीनं चालत चालत पार पलीकडे गेले, ती बशी दुसऱ्या खिडकीतून आत गेलेली पाहिली आणि परत आले. चेहऱ्यावर अशी काळजी की जणू कुणाच्या लग्नात भात कमी पडलाय.

"हे तं फिरून तिथीच येऊन राहिलं," ते मला हळूच म्हणाले. "शेवटचं पानच नाही इथे."

परत येताना त्यांना एक म्हातारं जोडपं दिसलं होतं. त्यांना झाकण कसं उघडायचं ते कळत नव्हतं, म्हणून दोघं नुसतीच बसली होती. झालं. काकाजी परत उठले. झाकण उघडून दिलं, बशी पुढ्यात सरकवली, कडेची हिरवी चटणी डावीकडे घेतली. मग त्यांच्या पलीकडचं कुटुंब, त्याच्या पलीकडचं टेबल. "और लीजिए न. ये आमवाला लीजिए." एका गृहस्थानं त्यांना पाणी मागितलं, तर यांनी जग आणून दिला. मधेच येऊन आमच्या बशा भरायचे, आमच्या डोळ्यांकडे पाहायचे आणि आणखी एक ठेवायचे. आम्ही तिघी मुकाट्यानं खात होतो. ज्यांना जेवू घालायला आलो ते सगळ्या हॉटेलाला जेवू घालत होते, आणि मला मात्र जेवण गळ्यापर्यंत आलं होतं.

वैशूनं शेवटी त्यांची बाही धरली. "बसा, बाबा. एक बशी. एकच. मी दुसरं काही मागत नाही." काकाजींना ते समजलं. ते बसले, जेवायच्या काड्या बाजूला ठेवल्या, बोटांनी एक सुरळी उचलली. अर्ध्यात हात थांबला.

"तुमचं झालं?"

"झालं."

"पोट भरलं?"

"भरलं बाबा, भरलं!"

हात वर गेला. तेवढ्यात आमच्या शेजारच्या खिडकीतून नव्या बशांची रांग बाहेर पडली. काकाजींनी तिकडे पाहिलं, आणि सुरळी खाली बशीत ठेवली. "अजून येऊनच राहिलं, माय. वाढणं चालू आहे म्हणजे कोणीतरी बाकी आहे न."

वैशू उठली. फोन घेऊन काचेच्या दाराबाहेर गेली. तिकीट काढत होती, मला आतून दिसत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काकाजी, ती तुम्हाले घेऊन जाईन, समजून राहिलं का? एका घासापायी रायपूर सोडता का तुम्ही?"

"समजते न," ते म्हणाले. "पण उतरत नाही बाई घास, मी काय करू? नाटक करून राहिलो का मी?"

त्यांचे डोळे भरले होते. मला स्वतःच्या रागाचं काय करावं कळेना, म्हणून मी त्यांच्या पुढ्यातली ती सुरळी उचलून स्वतःच खाल्ली.

दुपारची वेळ संपत आली. गिऱ्हाइकं उठली, पट्टा हळू झाला आणि थांबला. खिडकी बंद झाली. तिथे काम करणारी मंडळी पलीकडच्या टोकाच्या टेबलाशी जमली आणि त्यांनी घरून आणलेलं जेवण मांडलं: डाळ, भात आणि लाल माठाची भाजी. काकाजींनी पाहिलं मात्र, ते तिथे पोचले. एप्रनवाल्या मुलीच्या हातातला डाव घेतला आणि एकेकाला वाढत गेले. ती म्हणाली, "अब आप भी बैठो न अंकल. सब हो गए." काकाजींनी एकदा थांबलेल्या पट्ट्याकडे पाहिलं, एकदा सगळ्यांच्या ताटांकडे. "हव," म्हणाले, आणि कडेच्या खुर्चीवर बसले.

आणि ते जेवले. मान खाली घालून, भात कालवून, मोठे मोठे घास घेत. भात संपला तर आणखी मागून घेतला, बोटं चाटून पुसली. मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं आणि परत रागच आला. एवढी भूक पोटात घेऊन हा माणूस सगळी दुपार लोकांना वाढत फिरला होता.

मी धावत बाहेर गेले. वैशूला हाताला धरून काचेपाशी आणलं. "हे पाहा, जेवून राहिले. पोटभर. आता ते तिकीट रद्द कर." ती काचेला टेकून आत बघू लागली.

"ताई, मला वाटायचं त्यांना भूकच लागत नाही," ती म्हणाली. "त्यांना तर भूक लागते गं. लागते आणि तशीच दाबून बसतात. रोज कुठल्या हॉटेलातला पट्टा थांबवायला जाणार आहेस तू?"

ती चूक असती तर मी भांडले असते. इतके दिवस ज्या जेवणासाठी जिवाचा आटापिटा केला, त्या जेवणानंच काकाजींना रायपूर सोडायला लावलं. त्याच आठवड्यात ते गेले. विमानतळावर मी बांधून दिलेला डबा त्यांनी आत जायच्या आधीच टॅक्सीवाल्याला दिला.

बंगलोरला पंगत नव्हतीच. जावई आपल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर जेवायचे, वैशू ऑफिसात. कुणी कधी जेवलं, कुणी नाही, याचा पत्ता नाही. तिचा फोन आला तेव्हा ती रडतच होती: टोस्ट आणि चहा, दुसरं काही नाही. मी भडकले. म्हटलं, दे फोन त्यांना. आणि जे तोंडात आलं ते बोलले.

"काकाजी, इकडे सगळे जेवले. ऋचा जेवली, हे जेवले, मी जेवली, सगळी कॉलनी जेवली. रायपुरात कोणी बाकी नाही. आता बसता का तुम्ही?"

तिकडे चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"खरंच?"

"खरंच."

"हव. मग बसतो."

थोड्या वेळानं वैशूचा निरोप आला की दोन पोळ्या खाल्ल्या, वरणभात खाल्ला. तेव्हापासून रोज दुपारी फोन करायचं काम माझं. सगळे जेवले म्हणून सांगायचं, आणि ते बहुतेक खोटं असायचं. ऋचा कॉलेजात, नवरा दौऱ्यावर, मी ऑफिसात. मला त्याचं काही वाटत नव्हतं. या माणसाशी खरं बोलून इतकी वर्षं काय हाती लागलं होतं? दौऱ्यावरून आलेल्या नवऱ्यालाही मी बजावून ठेवलं होतं की काकाजींचा फोन आला तर तुम्ही जेवलेले असता.

काकाजी आता नाहीत. तिकडेच गेले, झोपेत, आणि आदल्या दिवशी नीट जेवले होते एवढं वैशूनं मला मुद्दाम सांगितलं. त्याच्या काही दिवस आधीची गोष्ट. ऑफिसात साहेबांनी सकाळपासून पिदडलं होतं, टेबलावर कागदांचा ढीग, डबा पिशवीतच. मी घाईघाईत फोन लावला. "काकाजी, सगळे जेवले. बसा तुम्ही."

"तू?"

"जेवली न."

"नाही जेवली तू. आवाज रिकाम्या पोटाचा आहे. उघड डबा."

"काकाजी, काम आहे मले! तुम्ही बसा न आता, माझं होईन नंतर." मी जवळजवळ ओरडलेच. शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वर केल्या.

"उघड न बाई. मी थांबतो."

ते थांबणार, हे मला पक्कं माहीत होतं. मी कागद बाजूला ढकलले, डबा उघडला, फोन शेजारी ठेवला आणि गार पोळी न् भाजी खायला लागले. रागानं घास गिळत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, लोक बघत होते. पलीकडे फोन चालूच होता. शेवटचा घास गेला.

"झालं?"

"झालं."

"पोट भरलं?"

"भरलं, काकाजी."

"हव," ते म्हणाले. "आता मी बसतो."